भट्टीतून येणारी ओ

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात भट्टीचं दार लावायची एक रीत होती. भट्टीवाल्यानं आत तोंड घालून खणखणीत हाक मारायची, "आत कोणी हाय का?" मग कान देऊन थांबायचं. आतून ओ आली तर माणूस बाहेर येऊ द्यायचा. नाही आली तर दार ओढायचं, अडसर घालायचा आणि हिरवं बटण दाबायचं. रीत साधी होती. तिला फक्त कान लागत होते, आणि शालूकडे नेमके तेच नव्हते.

म्हणजे अगदीच ठार बहिरी नव्हती ती. कुणी समोर उभं राहून बोललं तर आवाजाची कुजबुज यायची, बाकीचं ती ओठांवरून ताडायची. पण पाठीमागून, लांबून, आडून आलेलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. सात वर्षं प्रेस शॉपमध्ये काढल्यावर दुसरं काय होणार? सकाळी मशिनी सुरू झाल्या की संध्याकाळपर्यंत पत्र्यावर दणादण दणके. कंपनीनं कानात घालायला रबरी बुचं दिली होती, नाही असं नाही. पण ती घातली की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या बायका ती ॲप्रनच्या खिशात जपून ठेवायच्या. शेजारणीचं ऐकायचं म्हणून बुचं काढली, आणि शेवटी शेजारीणच ऐकू येईनाशी झाली.

आधी कुकरची शिट्टी गेली. मग मागून आलेली लेकीची हाक गेली. मग फोनवरचा बाप गेला. केरबा म्हातारा फर्दापूरकडच्या माळावर मेंढरं राखतो. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक पोचवणारा माणूस, पण फोनमधून त्याचा आवाज लेकीला येईना. "बरं हाय ना आबा, बरं हाय" एवढं बोलून ती फोन ठेवून द्यायची. नवरा हनुमान शहागंजात मालाची रिक्षा चालवायचा. बायको हाकेला ओ देत नाही म्हणताना त्याला वाटलं, पगार सुरू झाल्यापासून बाईला शिंगं फुटली. शालूनं त्याचा तो समज तसाच राहू दिला. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा आगाऊ म्हणवून घेणं तिला परवडत होतं.

शहागंजातून तिनं गुपचूप कानाचं मशीनही आणलं होतं. घरात ते थोडंफार चाले. कारखान्यात घातलं तर सगळा कारखाना डोक्यात शिरून नाचायला लागला. तेव्हापासून ते पुंडलिकनगरच्या खोलीत तांदळाच्या डब्यात पडून होतं.

आता कुणी म्हणेल, सांगून टाकायचं की. कारखान्यात तशी सोय होती. मोनाली मॅडम नावाची एक चांगली, हसऱ्या तोंडाची बाई माणसांच्या अडीअडचणी बघायला नेमलेली होती. दर डिसेंबरात दिव्यांग दिनाला ती सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवायची. कडुबाला शाल आणि नारळ मिळायचा. कडुबाचा उजवा पाय लहानपणी पोलिओनं वाळलेला, तो काठीवर चालायचा. त्याची काठी सगळ्यांना दिसत होती, म्हणून शालही त्यालाच. मग मॅडम म्हणायच्या, आणखी कुणाला काही त्रास असेल तर मनमोकळेपणानं सांगा, कंपनी तुमच्या पाठीशी आहे. यावर सगळे टाळ्या वाजवायचे आणि समोशांकडे बघायचे.

कारण पॅकिंगमधल्या रत्नमालाबाईंनी एकदा मनमोकळेपणानं सांगितलं होतं. डोळ्यांना अंधुक दिसतं म्हणाल्या. कंपनीनं फार मायेनं ऐकून घेतलं, विश्रांती घ्या म्हणून घरी पाठवलं. ती विश्रांती अजून संपलेली नाही. कुणी त्यांना काढलं नाही, कुणी परत बोलावलंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शालू तेव्हाच शिकली.

असं सगळं झाकून चाललेलं असताना भट्टीवरच्या बद्रीनाथचे गुडघे गेले. त्याला डिस्पॅचमध्ये बसायचं काम दिलं आणि सुपरवायझर साहेबरावनं भट्टीवर शालूला लावलं. बाई शांत आहे, बडबड करत नाही, काम नीट करते, म्हणून. शालू खरंच बडबड करत नव्हती. लोक आगीतून फुफाट्यात पडतात, ही फुफाट्यातून सरळ आगीत पडली.

भट्टी म्हणजे रंगाची भट्टी. पत्र्याच्या सुट्या भागांवर रंगाची पावडर मारायची, ते ट्रॉलीला टांगायचे, ट्रॉली आत ढकलायची आणि वर ताव द्यायचा, म्हणजे रंग पक्का बसतो. दोन ट्रॉल्या एकामागे एक मावतील एवढी लांब खोलीच होती ती. ट्रॉली आत गेली की तिच्यामागचं काही दिसत नसे. आतून उघडायची एक कडी होती, पण रंगाच्या थरांवर थर बसून ती केव्हाच भिंतीची झाली होती. भट्टी गार असली की कडुबा आत जाऊन खाली सांडलेली पावडर पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचा. बसून सरकत काम करायची त्याला लहानपणापासून सवय, आणि कोपऱ्यात त्याच्याइतकं कुणी शिरत नसे. म्हणून ती हाक, आणि म्हणून ती ओ.

बद्रीनाथनं तिला दोन दिवस काम शिकवलं. हाक कशी मारायची, किती थांबायचं, सगळं. शालूला मात्र त्या माणसाची धास्तीच बसली. ती बोलायला लागली की तो एकटक तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. ह्यानं ओळखलं, तिच्या मनात आलं. हा आज ना उद्या साहेबरावच्या कानात सांगणार. दोन्ही दिवस ती कमीत कमी बोलली, आणि बद्रीनाथही तिला जास्त काही विचारायच्या भानगडीत पडला नाही.

भट्टीवर आल्यापासून तिचं अन्न गोड लागेना. हाक मारून ती थांबायची. आतून काही येत नव्हतं, पण न येणं दोन तऱ्हेचं असतं. आत कुणी नसल्याचं न येणं, आणि ओ दिलेली आपल्याला न ऐकू येणं. दोन्ही तिला सारखीच. घरी कुकरचं झाकण लावतानासुद्धा ती आधी आत डोकावून बघायची. लेक हसायची. शालूला हसू येत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात ती हातात टॉर्च घेऊन दर खेपेला भट्टीच्या टोकापर्यंत जाऊन यायची. साहेबरावनं ते बघितलं आणि हातवारे करून विचारलं, की हाक मारायची रीत कशाला केलीय मग? अशी फेरफटका मारत बसलीस तर माल कधी निघायचा? तेव्हा ते बंद झालं.

मग तिला काठी सापडली. आतल्या पावडरीवर काठी घसरते म्हणून कडुबा ती बाहेरच ठेवायचा, दाराच्या डाव्या अंगाला भिंतीला टेकवून. काठी भिंतीला असली म्हणजे कडुबामामा आत. काठी नसली म्हणजे मामा बाहेर. शालूच्या जिवावरचं ओझं अर्धं उतरलं. तेव्हापासून हाक ती लोकांसाठी मारायची आणि स्वतःसाठी भिंतीकडे बघायची. कडुबाला तिनं हे कधी सांगितलं नाही. एकदाच, "जयभीम मामा, काठी हितंच ठेवत जा बरं, तिकडं कुणी पाय अडकून पडंल," एवढं म्हणाली. कडुबानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मान हलवली. त्या दिवसापासून काठी एक वीतभरही इकडची तिकडं झाली नाही.

तो सोमवार उजाडला आणि सगळा घोळ झाला. पुण्याहून गिऱ्हाईक कंपनीचे साहेब कारखाना बघायला येणार होते. सकाळपासून झाडलोट, पुसापुशी, नव्या पाट्या. शालूला बाकीच्या बायकांबरोबर नवे ॲप्रन घ्यायला स्टोअरमध्ये पिटाळलं. परत आली तर ट्रॉल्या दोन्ही कुणीतरी घाईनं आत ढकललेल्या, आणि साहेबराव लांबून हात हलवतोय, आटप आटप. पाहुणे फाटकाशी आले होते. भट्टी त्यांना चालू दिसायला हवी होती.

शालू दाराशी गेली. आत ट्रॉलीला टांगलेल्या पत्र्यांची भिंतच उभी होती. तिनं हाक मारली. थांबली. पुन्हा मारली. साहेबराव तिकडे दोन्ही हात वर करून उभा. तिनं डाव्या अंगाच्या भिंतीकडे बघितलं. भिंत मोकळी होती, नुकतीच पुसलेली, चकचकीत. काठी नव्हती.

तिनं दार ओढलं, अडसर घातला आणि हिरवं बटण दाबलं.

पंखा सुरू झाला, बर्नर पेटला, काटा हलला. शालूनं घाम पुसला आणि प्यायला पाणी घ्यावं म्हणून नळाकडे वळली. नळाशेजारी एरवी बादल्या-फडे उघड्यावर पडलेले असत. आज पाहुण्यांसाठी ते सगळं एका पत्र्याच्या आडोशाला नीट उभं करून ठेवलं होतं. चार फडे, दोन पोछे, आणि त्यांच्या मधोमध खालून काळं रबर लावलेली एक काठी.

काठी आवरली गेली होती. फड्यांबरोबर, केराच्या सुपाबरोबर, कुणीतरी भिंत चकचकीत दिसावी म्हणून ती आवरून ठेवली होती. आणि मामा काठीशिवाय कुठं जाणार? चार पावलंही जात नाही तो.

ती पळाली. भट्टीच्या दारावर तिनं दोन्ही पंजे टेकले. दार थरथरत होतं, पण पंख्यानं ते नेहमीच थरथरायचं. एकसारखी, झोपाळलेली थरथर. तिनं डोळे मिटले. आणि त्या थरथरीच्या आतून तिच्या तळहातावर काहीतरी आदळलं. पुन्हा आदळलं. खालच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. कुणीतरी मुठीनं दार बडवत होतं, आणि ते तिला हातानं ऐकू येत होतं.

लाल बटण तिनं कधी दाबलं हे तिला नंतर आठवेना. अडसर निघत नव्हता. शेवटी तिनं खालून गुडघा मारला तेव्हा तो निघाला. गरम हवेचा लोट तोंडावर आला आणि ट्रॉलीच्या खालून, पत्र्यांच्या मधून, सरपटत आलेला कडुबा तिच्या पायाशी पडला. अंगभर करडी पावडर, तोंड लालबुंद, ओठ हलताहेत. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो काय म्हणतोय ते ओठांवर अगदी स्वच्छ दिसत होतं.

"पोरी, माझी काठी कुठंय?"

माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी पुठ्ठ्यानं वारा घातला. कडुबाला डाव्या तळहाताला भाजलं होतं आणि धाप लागली होती, पण जीव शाबूत होता. भट्टी अजून तापायची होती म्हणून वाचला. आणखी थोडा वेळ गेला असता तर, हा विचार शालूनं अर्ध्यातच सोडला. पुढं जायची तिची छाती नव्हती.

पाहुण्यांना चहाला बसवून मॅनेजर इंद्रजीत साहेब धावत आले, मागोमाग मोनाली मॅडम. साहेबांना आधी एकच गोष्ट हवी होती, चूक कुणाची. साहेबरावनं तोंडातला गुटखा थुंकून घाईघाईनं सांगितलं, की बाईनं हाक मारली होती, एकदा सोडून दोनदा, ती आपण आपल्या कानानं ऐकली, डिस्पॅचवाल्यांनीही ऐकली. चारजणांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते. शालूची हाक सगळ्या कारखान्याला ऐकू जायची.

साहेब कडुबाकडे वळले. शालूनं त्याच्या तोंडाकडे डोळे लावले. आता हा सांगणार, मी ओ दिली होती. मग सगळे तिच्याकडे बघणार. मग मोनाली मॅडम मायेनं तिच्या खांद्यावर हात ठेवणार आणि विश्रांती घ्या म्हणणार. लेकीची शाळा, खोलीचं भाडं, हनुमानची खटारा रिक्षा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून सरकलं.

कडुबानं तिच्याकडे बघितलं. मग साहेबांकडे बघून म्हणाला, "माझा डोळा लागला व्हता सायेब. हाक ऐकू आली नाय मला."

शालूच्या जिवात जीव आला. सांगायला बरं वाटत नाही, पण आला. ज्याला आपण आत्ता जिवंत भाजत होतो तो आपल्याला वाचवतोय, आणि आपल्याला गार वाटतंय, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

साहेबांनी सुस्कारा टाकला. चूक सापडली होती, आणि ती सोयीच्या ठिकाणी सापडली होती. ते मोनाली मॅडमकडे वळून हळू बोलले, पण हळू बोलणं शालूपासून लपत नाही. तिला ओठ पुरतात. या माणसाला मुळात अशा कामावर ठेवायलाच नको होतं, ते म्हणत होते. पायानं अधू, त्यात कामावर झोपतो. त्याला घरी पाठवा, बघू पुढं. मॅडमनी मान हलवली आणि कडुबाकडे फार मायेनं बघितलं.

ती माया शालूनं ओळखली. रत्नमालाबाईंकडे बघतानाची तीच होती.

"सायेब," शालू म्हणाली. आपला आवाज किती मोठा निघतो हे तिला कधी कळायचं नाही, आणि तो फार मोठा निघाला असावा, कारण सगळे गर्रकन वळले. "मामा झोपला नव्हता. त्यानं ओ दिली आसंल. मला ऐकू येत नाय."

तिनं पुढं सांगितलं, एकदा तोंड उघडल्यावर मागं काय ठेवायचं? प्रेसवर असल्यापासून कान गेलेत, आपण तोंडं बघून बोलतो, हाक नुसती मारायची म्हणून मारतो, बघतो ती काठी. आज काठी कुणीतरी आवरली. सांगून झाल्यावर तिनं भट्टीच्या कोमट दाराला पाठ टेकली.

साहेबरावच्या चेहऱ्यावर राग आला. मोनाली मॅडमच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. साहेबांनी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलं? प्रेस शॉपमधून बघायला आलेल्या बायका एकदम आपापल्या ॲप्रनच्या खिशाकडे बघायला लागल्या होत्या. साहेब बोटं मोडत म्हणाले, उद्यापासून बद्रीनाथला परत भट्टीवर बसवा. गुडघे दुखत असतील तर स्टूल द्या. निदान तो असताना इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही.

डिस्पॅचच्या माणसांत बद्रीनाथ उभा होता. तो साहेबांच्या तोंडाकडे एकटक बघत होता. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. शालूनं ते बघितलं. आता तिला कळलं, तो माणूस तिच्या ओठांवर काय शोधत होता ते.

बद्रीनाथनं डोक्यावरची टोपी काढली. "मला नका बसवू सायेब," तो म्हणाला. "मला बी नाय येत ऐकू. प्रेसवरूनच भट्टीवर आल्तो मी. तवापासून नुसतीच हाक मारायचो."

तो पुढंही काही बोलला असेल, पण शालू त्याच्याकडे बघत नव्हती. ती कडुबाकडे बघत होती. कुणीतरी आणून दिलेली काठी धरून तो उठायला लागला होता, तो तसाच मध्ये थांबला. भट्टीकडे त्यानं वळून बघितलं. उघडं दार, ट्रॉलीमागचा काळोख, रंगात बुडालेली ती कडी. रोज सकाळी बिनघोर सरकत जायचा तो तिथं, आणि हाक आली की आतून ओरडायचा, आलो, थांब, आलो. त्याचं लाल झालेलं तोंड बघता बघता पांढरं पडलं. आत्ता भट्टीतून निघतानाही तो एवढा भ्यालेला दिसला नव्हता. तो परत खाली बसला.

"मंग इतकी वर्षं," तो म्हणाला, "मी ओ कुणाला देत व्हतो?"

शालूला ते ऐकू आलं नाही, ओठांवर दिसलं. बद्रीनाथलाही दिसलं असावं, त्यानं मान खाली घातली. बाकी सगळ्यांना ते नीट ऐकू गेलं होतं, आणि त्यांच्यातल्या एकानंही ओ दिली नाही.